परराज्यातील पती, अपुरा घटस्फोट आणि येणारे बाळ

खानदेशातील मुली सुरतेस देण्याची रीत जुनी आहे. भुसावळ-सुरत लोहमार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे कामधंद्यासाठी सुरतेस गेली आणि उधना, लिंबायत यांसारख्या भागांत मराठी बोलणाऱ्यांच्या मोठ्या वस्त्या उभ्या राहिल्या. सोलापूर आणि कलबुर्गी, कोल्हापूर आणि बेळगाव, नांदेड आणि निजामाबाद यांच्यामधील सोयरिकीही अशाच पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. राज्याची सीमा लग्न जमविताना कोणाच्या ध्यानातही येत नाही. संसार मोडला म्हणजे मात्र हीच सीमा एकाएकी मोठी वाटू लागते.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. अमळनेर तालुक्यातील एका हिंदू स्त्रीचा विवाह सुरतेस झाला. काही वर्षे संसार झाल्यावर बेबनाव होऊन ती माहेरी परतली. त्यास चार वर्षे झाली. पती सुरतेसच आहे. येणेजाणे, पत्रव्यवहार काही नाही. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मुद्रांकित कागदावर फारकत लिहून घेतली आणि प्रकरण मिटले, असे सर्वांनी मानले. पुढे गावातीलच एका गृहस्थाबरोबर ती राहू लागली आणि आज ती पाच महिन्यांची गरोदर आहे. आता न्यायालयातून रीतसर घटस्फोट घ्यावा, असे तिच्या मनात आहे. परंतु त्यासाठी सुरतेस खेपा घालाव्या लागतील काय, गरोदर असताना न्यायालय दावा ऐकेल काय, आणि बाळाच्या जन्माच्या दाखल्यावर पिता म्हणून कोणाचे नाव येईल, या प्रश्नांची उत्तरे तिला गावात कोणी देऊ शकत नाही.

अशी स्त्री प्रथम जाते ती वकिलाकडे नव्हे. ती अंगणवाडी सेविकेस, शिक्षिकेस, सरपंचास किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यास विचारते. यास्तव या विषयाची नेमकी माहिती या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

फारकतीच्या कागदाचे मोल

पहिला प्रश्न असा की, ही स्त्री आज विवाहित आहे की नाही? कायद्याच्या दृष्टीने ती विवाहितच आहे. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड व पाट यांची वहिवाट पूर्वापार होती. बडोदे संस्थानाने १९३१ साली आणि मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे केले, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही तरतूद देशभर लागू केली. या कायद्याच्या कलम २९ ने रूढीनुसार होणारा काडीमोड राखून ठेवला आहे हे खरे. परंतु ती रूढी त्या समाजात प्राचीन, अखंड आणि निश्चित स्वरूपाची आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. तसे सिद्ध न झाल्यास नोटरीची मोहोर असलेला फारकतीचा कागद विवाह संपुष्टात आणू शकत नाही. तो कागद पतिपत्नी केव्हापासून विभक्त राहतात, याचा पुरावा म्हणून मात्र उपयोगी पडतो. म्हणून तो जपून ठेवावा.

अनुसूचित जमातींची गोष्ट निराळी आहे. केंद्र सरकारने अधिसूचनेने तसे ठरविल्याखेरीज हिंदू विवाह कायदा त्यांना लागू होत नाही. त्यांचे विवाह व काडीमोड त्यांच्या रूढीनुसार पाहिले जातात. मुस्लिम स्त्रीस १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यान्वये, ख्रिस्ती स्त्रीस १८६९ च्या घटस्फोट कायद्यान्वये, तर नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्या स्त्रीस १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये दाद मागता येते. या लेखातील विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्यास अनुसरून आहे.

पहिला विवाह कायम असताना दुसरा विवाह केल्यास तो रद्दबातल ठरतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नुसते एकत्र राहणे हा मात्र गुन्हा नाही. व्यभिचाराचे फौजदारी कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविले. घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार आजही कायद्यात आहे. हा भेद गावपातळीवर समजून घेतला जात नाही आणि त्यातून भीती व धमक्या यांना वाव मिळतो. 'तुरुंगात जाशील' असे म्हणून अशा स्त्रीस गप्प बसविण्याचा कोणासही अधिकार नाही. त्याचप्रमाणे, 'आधी देवळात माळ घालून टाका, कागद मागाहून पाहू' हा सल्लाही तितकाच घातक आहे.

दावा कोठे दाखल होतो

पूर्वी विवाह जेथे झाला, प्रतिवादी जेथे राहतो किंवा पतिपत्नी शेवटी जेथे एकत्र राहिली, तेथील न्यायालयातच सामान्यतः अर्ज करावा लागे. वरील उदाहरणात ही तिन्ही ठिकाणे सुरतच ठरली असती. २००३ च्या दुरुस्तीने ही अडचण दूर झाली. पत्नी अर्जदार असेल तर अर्जाच्या दिवशी ती जेथे राहते तेथील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. ही तरतूद २३ डिसेंबर २००३ पासून अमलात आहे. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही तेथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात असे अर्ज चालतात.

अन्य राज्यातील पतीवर समन्सची बजावणी तेथील न्यायालयामार्फत होऊ शकते. तो समन्स चुकवीत असेल किंवा त्याचा ठावठिकाणा लागत नसेल, तर वृत्तपत्रातील जाहीर प्रकटनासारख्या पर्यायी बजावणीचा हुकूम न्यायालय देऊ शकते. बजावणी होऊनही तो हजर झाला नाही तर दावा एकतर्फी चालू शकतो. पतीने आपल्या राज्यात आधीच दावा लावला असेल, तर तो येथे वर्ग करून मिळावा म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ नुसार सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. गरोदरपण, प्रवासाचे अंतर आणि सोबतीचा अभाव ही कारणे अशा अर्जात अवश्य मांडावीत.

गरोदर स्त्रीस घटस्फोट देऊ नये, असे हिंदू विवाह कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. प्रसूती होईपर्यंत थांबण्याचे तिच्यावर बंधन नाही.

संमतीचा मार्ग आणि नऊ महिने

१९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद आली. दोघे किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावेत आणि दोघांनी मिळून अर्ज करावा. त्यानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर आपली इच्छा कायम असल्याचे सांगावे लागते. सहा महिन्यांची ही मुदत माफ करण्याचा अधिकार न्यायालयास असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्यासाठी विभक्ततेचा काळ पुरेसा झालेला असावा, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा आदी प्रश्न मिटलेले असावेत. माफीचा अर्ज पहिल्या टप्प्यानंतर एका आठवड्याने करता येतो.

आता उदाहरणातील स्त्रीचा हिशेब मांडून पाहावा. पाचवा महिना चालू आहे; प्रसूतीस चार महिने उरले आहेत. मुदत माफ न झाल्यास संमतीच्या मार्गानेही किमान सहा महिने लागणार. दावा विरोधात गेला तर तो वर्षानुवर्षे चालू शकतो. शिवाय विरोधातील दाव्याचा हुकूमनामा मिळाला तरी हिंदू विवाह कायद्यात अपिलासाठी ९० दिवसांची मुदत आहे आणि ती संपल्याशिवाय किंवा अपिलाचा निकाल लागल्याशिवाय पुनर्विवाह करता येत नाही. तात्पर्य, बहुतेक प्रकरणांत बाळ आधी येते आणि हुकूमनामा मागाहून येतो. या वस्तुस्थितीचा विचार आधीच केलेला बरा.

संमतीचा मार्ग अशा स्त्रीस अधिक सुरक्षित असण्याचे आणखी एक कारण आहे. स्वतःच्या दोषाचा फायदा अर्जदारास घेता येत नाही, असे तत्त्व कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. तिने त्याग किंवा क्रूरता या कारणांवर दावा लावल्यास पतीकडून तिच्या सध्याच्या संबंधांचा मुद्दा काढला जाणे साहजिक आहे. यास्तव गरोदरपण वकिलापासून लपवू नये. अर्जात खोटे किंवा अर्धवट लिहिल्यास पुढे तेच अंगाशी येते. पती स्वतः घटस्फोटास उत्सुक असेल तर दोन्ही घरच्या समंजस व्यक्तींनी त्यास संमतीच्या अर्जासाठी राजी करणे हे खऱ्या उपयोगाचे काम होय.

मूल कोणाचे मानले जाते

या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. विवाह कायम असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईने पुनर्विवाह केलेला नसताना मूल जन्मास आले, तर ते त्या पतीचे औरस मूल होय, असे कायदा निर्णायकपणे मानतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२ चा हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आला आहे. मुलाच्या माथी अनौरसपणाचा कलंक लागू नये, हा त्याचा उद्देश आहे.

या नियमाचा परिणाम उदाहरणातील कुटुंबास अनपेक्षित वाटेल. हुकूमनाम्यापूर्वी बाळ जन्मले तर कायद्याच्या नजरेत त्याचा पिता सुरतेचा पती ठरतो. खरा पिता घरात असून त्याने कागदावर लिहून दिले, तरी तेवढ्याने हे गृहीतक ढळत नाही. उद्या वारसाचा प्रश्न निघाला, तर ज्याने मुलास वाढविले त्याच्या मिळकतीत त्याचा हक्क नाकारला जाण्याची शक्यता राहते.

हे गृहीतक खोडून काढण्यास कायद्याने एकच वाट ठेवली आहे. गर्भधारणा होऊ शकली असती त्या काळात पतिपत्नींचा परस्परांशी संपर्क होणे शक्यच नव्हते, हे सिद्ध करावे लागते. येथे परराज्यातील वास्तव्य कामास येते. पती त्या काळात सुरतेस कामावर होता याची हजेरीपत्रके, दोघांची स्वतंत्र शिधापत्रिका किंवा मतदार नोंद, स्त्रीच्या गावातील वास्तव्याचे दाखले, फारकतीचा कागद, शेजाऱ्यांची साक्ष हा सारा पुरावा आताच गोळा करावा. मात्र दोन राज्यांत राहत होते एवढे म्हणणे पुरत नाही. सुरत-अमळनेर हे अंतर रेल्वेने काही तासांचेच आहे. पतीची संमती असेल तर 'अमुक तारखेपासून आमचा कोणताही संबंध आलेला नाही' असे स्पष्ट विधान, तारखेसह, दोघांच्या संयुक्त अर्जात व शपथपत्रात यावे. ते पुढे फार मोलाचे ठरते.

जनुकीय चाचणीने सर्व काही चुटकीसरशी सुटेल, ही समजूत चुकीची आहे. अशी चाचणी उठसूट घेण्याचा हुकूम न्यायालये देत नाहीत. मुलाचे हित आणि खाजगीपणाचा अधिकार यांस त्यांनी अग्रस्थान दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ व २०२५ सालच्या निर्णयांत हीच भूमिका पुन्हा मांडली. चाचणीचा अहवाल आधीच न्यायालयासमोर असेल तर गृहीतकापेक्षा सत्यास महत्त्व द्यावे, असे मात्र त्याच न्यायालयाने २०१४ साली म्हटले होते. मुलाचे औरसत्व ठरविण्याचा अधिकार १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयास दिलेला असून आवश्यक तेथे तशी घोषणा मागता येते.

हुकूमनामा आणि नवा विवाह हे दोन्ही बाळाच्या जन्मापूर्वी पार पडले, तर बाळ नव्या विवाहात जन्मल्यामुळे गृहीतक नव्या पतीच्या बाजूने लागू होते. परंतु वर मांडलेला हिशेब पाहता, असे थोड्याच प्रकरणांत घडते.

जन्माची नोंद अडता कामा नये

१९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत जन्माची माहिती निबंधकास द्यावयाची असते. ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हे काम पाहतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या दाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, शासकीय नोकरी इत्यादींसाठी जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. एक वर्षाहून अधिक उशीर झाल्यास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

'घटस्फोटाचा कागद आणा, मग नोंद करू' असे उत्तर काही ठिकाणी ऐकू येते. ते सर्वथा गैर आहे. निबंधकाने जन्माची नोंद करावयाची आहे. पितृत्वाचा निवाडा करावयाचा नाही. एकल वा अविवाहित मातेने शपथपत्रासह अर्ज केल्यास तिच्या बाळाचा जन्मदाखला नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये सांगितले आहे. पित्याविषयी प्रश्न उपस्थित होण्याची शक्यता असेल तर प्रसूतीपूर्वीच विधी सेवा समितीच्या वकिलाचा सल्ला घेऊन आईच्या नावाने नोंद मागावी. सोयीसाठी खोटे नाव घालू नये. खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. न्यायालयाचा निर्णय झाल्यावर नोंदीत दुरुस्ती करण्याची तरतूद कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय झालेला आहे, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी.

शिक्षकांनीही एक तरतूद ध्यानी ठेवावी. वयाचा पुरावा नाही या कारणावरून कोणत्याही बालकास प्राथमिक शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ सांगते. पित्याच्या नावाचा घोळ हे तर प्रवेश अडविण्याचे कारण होऊच शकत नाही.

शुश्रूषा आणि पोटगी

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रियेची वेळ आल्यास तीदेखील, २०११ पासून विनामूल्य आहे. आरोग्यसेविकेकडे नाव नोंदविताना विवाहाचा पुरावा मागण्याचे कारण नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या सुधारित स्वरूपात पतीचे आधारपत्र सक्तीचे राहिलेले नाही. हे माहीत नसल्यामुळे अशा स्त्रिया नाव नोंदविण्याचे टाळतात, तपासण्या चुकतात आणि धोका माता व बालक या दोघांनाही पोहोचतो.

पोटगीच्या बाबतीत भ्रम नसावा. पत्नी परपुरुषाबरोबर राहत असल्यास तिचा पतीकडील निर्वाहाचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली नाकारला जाऊ शकतो. मुलाचा निर्वाहाचा हक्क मात्र स्वतंत्र आहे. मूल औरस असो वा अनौरस, पित्याने त्याचे पालन केले पाहिजे असे तेच कलम सांगते. नव्या जोडीदाराने पाठ फिरविल्यास स्त्रीची स्थिती अधिकच नाजूक होते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात 'विवाहसदृश संबंध' मान्य आहेत. परंतु दोघेही कायदेशीर विवाहास पात्र असावेत, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली घातली. जानेवारी २०२५ मध्ये तेलंगणातील एका प्रकरणात, पहिला विवाह न्यायालयाने संपुष्टात आणलेला नसतानाही, दुसऱ्या पतीकडून पोटगी देवविण्यात आली; तो दिलासा मोठा आहे, पण त्यासाठी तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. हुकूमनाम्याचे महत्त्व यावरून पटावे.

गावाने काय करावे

स्त्रियांना व बालकांना, त्यांचे उत्पन्न काहीही असले तरी, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर कायद्याचा सल्ला आणि १८१ या क्रमांकावर महिलांसाठी मदत मिळते. हे दोन क्रमांक ग्रामपंचायत, शाळा आणि अंगणवाडी यांच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असावेत.

जातपंचायतीने अशा कुटुंबास दंड करणे, वाळीत टाकणे किंवा पाणवठा, देऊळ, कार्यप्रसंग बंद करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून अमलात असून त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सरपंच व सदस्यांनी अशा बैठकीस बसू नये. तिची वार्ता लागताच पोलिसांस कळवावे.

विवाह संपुष्टात आला की नाही हे न्यायालय ठरवील आणि त्यास जो वेळ लागावयाचा तो लागेल. मातेची तपासणी, सुरक्षित प्रसूती, २१ दिवसांतील जन्मनोंद आणि पुढे शाळेतील नाव ही कामे त्या निकालासाठी थांबत नाहीत. अमळनेरच्या त्या कल्पित स्त्रीस गावातून आज दोन गोष्टी मिळावयास हव्यात: न्यायालयाची वाट दाखविणारा एक जाणकार माणूस आणि तिच्या बाळाचे नाव विनातक्रार नोंदवून घेणारी एक नोंदवही. या दोन्ही गोष्टी गावाच्या हाती आहेत.